ओलेत्याने

नारायण पेठ, पुणे
कार्तिक शुद्ध पंचमी

॥ श्रीगुरुचरणी नमन ॥

श्रीयुत अनिरुद्धपंत यांस वडील बंधू श्यामसुंदर याचे आशीर्वाद पोहोचावेत.

आपण परदेशातून परतलात, हडपसरला बिऱ्हाड केलेत, आणि तेथे लोकांच्या मानेला, खांद्याला, कमरेला हात लावून त्यांची दुखणी हलकी करण्याचा उद्योग आरंभलात, हे वर्तमान आम्हांस आपल्याकडून कळावयास हवे होते. ते इंदुबाईंकडून कळले. इंदुबाई म्हणजे दत्तमंदिरात माझ्या प्रवचनाला पहिल्या ओळीत बसतात, त्या. आणि कळले तेही भर सभेत.

वृत्तांत असा. तुझ्या वहिनीचा उजवा हात गेले वर्षभर खांद्याच्या वर जात नव्हता. (हे 'आपण, आपण' लिहिताना माझा हात अवघडतो, पूर्ववत 'तू'च म्हणतो.) फळीवरचा गुळाचा डबा मी काढून देत असे. संध्याकाळी तेल कोमट करून, स्तोत्र म्हणत, तिचा खांदा मी चोळीत असे. आश्विनात त्याच स्तोत्राचे अनुष्ठान केले. कोजागरीच्या सुमारास एके सकाळी स्वयंपाकघरात पाहतो, तो कल्याणी टाचा उंचावून स्वतः डबा काढते आहे. माझे डोळे भरून आले. त्याच सायंकाळी आसनावरून मी श्रोत्यांना हा अनुभव सांगितला. श्रद्धेने केलेल्या पठणाचे फळ या कलियुगातही कसे प्रत्यक्ष मिळते, यावर मी बराच वेळ बोललो.

पहिल्या ओळीतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कल्याणी खाली मान घालून वाती वळीत होती. शेवटी इंदुबाईंना राहवेना.

"गुरुजी, स्तोत्र चांगलंच आहे हो. पण वहिनी मंगळवारच्या हडपसरला जातात ना, तुमच्या धाकट्या भावाकडे? मीही जाते. गुडघ्यासाठी."

घरी आल्यावर मी कल्याणीला विचारले. मंगळवारी ती मंडईत जाते अशी माझी समजूत होती. ती म्हणाली, मंडईत जातेच. तिथून मेट्रोने स्वारगेट आणि पुढे बस. यात तिला लपवाछपवी दिसली नाही. मी विचारले नव्हते, एवढेच. मग माझा चेहरा पाहून तिने पुस्ती जोडली, "फळ स्तोत्राचंच आहे. हडपसरला जायची बुद्धी स्तोत्रानेच दिली."

चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला शास्त्रार्थात कधी हरवले नव्हते.

मला एवढेच विचारायचे आहे. तिच्या खांद्यावर माझा हात वर्षभर रोज होता. तुझा किती वेळ होता?

हे पत्र तिच्याच हाती देत आहे. मोबाइलवर मजकूर पाठवण्याची मला सवय नाही, आणि तुझा क्रमांक मजजवळ नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

श्यामसुंदर


नारायण पेठ
त्रिपुरी पौर्णिमा

अनिरुद्धास आशीर्वाद.

उत्तर नको म्हटले असता तू तोंडी निरोप धाडलास. निरोप असा की, दादाचे अक्षर ओळीच्या शेवटी वर चढते आहे, लिहिताना उजवा खांदा कानाकडे जातो का, ते त्याने पाहावे.

मी पाहिले. जात नाही.

तुझ्या विद्येविषयी मी कल्याणीकडून माहिती करून घेतली. न वाचता ग्रंथाचे खंडन करणे आपल्या घराण्यात बसत नाही. माझी कल्पना होती की तू रगडीत असशील. ती म्हणाली, नाही. तुझ्याकडे तेल नाही, चोळणे नाही, हाडे मोडणे नाही. जाड चटईवर निजवतोस, दुखऱ्या जागी हात ठेवतोस आणि विचारतोस, "इथे काय चाललंय?" मग माणसाने ती जागा आपण होऊन आवळायची आणि अगदी सावकाश सोडायची. झोपेतून उठताना मांजर जसे अंग ताणते आणि सोडते, तसे. तुझा हात बरोबर असतो, इतकेच. ती म्हणाली, "आपला खांदा आपण वर्षभर धरून ठेवलाय हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी हात ठेवला तेव्हा कळलं."

इतक्या वर्षांत 'इथे काय चाललंय' असे मी तिला कधी विचारले नाही, हे तिला सुचवायचे नव्हते. मला मात्र तसे ऐकू आले.

आता सकाळी माझी पूजा चालू असता ती शेजारच्या खोलीत चटईवर पडून हे प्रकार करते आणि करता करता काही गुणगुणते. अथर्वशीर्ष म्हणताना माझे लक्ष तिकडे जाते. असे पूर्वी झाले नव्हते.

स्पर्श हा वायूचा गुण आणि त्वचा हे त्याचे इंद्रिय, हे अण्णांनी आपणा दोघांनाही एकाच ओटीवर बसवून शिकवले. मी ते पाठ केले. तू त्यावर पोट भरतोस. अण्णांनी हे पाहिले असते तर त्यांना काय वाटले असते, असे लिहिणार होतो. पण त्यांना आनंदच झाला असता. तू काहीही केलेस तरी त्यांना आनंद होत असे.

तुला आठवत नसेल, तू पाच-सहा वर्षांचा होतास. अण्णा सोवळ्याचा मुकटा नेसून पूजेला बसले की आपण उंबऱ्याबाहेर थांबायचे, शिवायचे नाही, असा घरचा दंडक. मी थांबत असे. तू मात्र मागल्या दारच्या हौदाकडे धावायचास, कपड्यांसकट दोन तांबे डोक्यावर ओतून घ्यायचास आणि निथळत येऊन थेट त्यांच्या मांडीवर बसायचास. आई ओरडली की अण्णा हसून म्हणत, "असू दे गं. ओलेत्याला सोवळं लागत नाही." त्यांचा मुकटा भिजे, पळीपंचपात्र कलंडे, आणि तुझे ओले डोके त्यांच्या छातीला टेकलेले असे. मी उंबऱ्याबाहेर, कोरडा, उभा.

नियम मलाही ठाऊक होता. आपणही जाऊन पाणी ओतून घ्यावे, हे मला एकदाही सुचले नाही.

श्यामसुंदर


नारायण पेठ
कार्तिक वद्य एकादशी

अनिरुद्धास आशीर्वाद.

उजवा खांदा जातो. काल मी लिहीत असता कल्याणीने मागून पाहिले. तुझे समाधान व्हावे म्हणून कळवले. त्यातून अधिक अर्थ काढू नये.

दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला. अण्णांच्या मागे ते आसन मी आजवर एकदाही रिकामे ठेवलेले नाही. मात्र यंदा माझी कंबर काही ऐकत नाही. मांडी घालून घटकाभर बसलो की उजव्या बाजूस आत कोणी गाठ मारल्यासारखे होते, आणि उठताना खांबाला धरावे लागते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. खांबाने सांगितले असावे, कारण मंदिराचे विश्वस्त दशरथराव परवा घरी आले.

त्यांनी आधी खुर्ची सुचवली. मी म्हटले, गुरूची पोथी खाली आणि वाचणारा वर, हे मला जमायचे नाही. मग त्यांनी चहा संपवला आणि अतिशय आदराने सांगितले की, नाशिकचे एक तरुण प्रवचनकार आहेत, ते उभ्याने बोलतात, पडद्यावर चित्रेही दाखवतात. मला झेपत नसेल तर यंदापासून त्यांना विचारता येईल. "तुम्ही पहिल्या ओळीत बसा, आम्ही शाल देऊ." शाल पांघरून माणसाला बाजूला कसे ठेवतात, हे पुण्यात राहून मला नवे नाही. मी म्हटले, सातही दिवस मी बसेन. एक दिवस जरी चुकला तर आसन तुमचे.

हे झाल्यावर, दारात चपला घालता घालता, ते म्हणाले, "गुरुजी, एक विचार होता. सप्ताहात रोज प्रवचनाआधी अर्धा तास तुमच्या बंधूंना बोलावलं तर? ज्येष्ठ मंडळी बसून बसून आखडतात. ते मोकळं करतील."

म्हणजे मी आखडवणार आणि तू मोकळे करणार. मी नको म्हटले. खरे तर नुसते दार लावून घेतले.

कल्याणी म्हणाली, एकदा दाखवून तर या. मी म्हटले, ज्याने मला आपण होऊन बोलावले नाही, त्याच्या चटईवर मी निजणार नाही. ती म्हणाली, "त्यांनी दर मंगळवारी विचारलंय, दादा येतो का. मीच तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं उत्तर मला माहीत होतं."

तेव्हा आता मूळ गोष्ट लिहितोच. अण्णांच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी पोथी वाचीत असे. त्यांचीच पोथी, त्यांनीच शिकवलेल्या चालीत. तू पायथ्याशी बसून त्यांची पावले हातात धरीत असायचास. त्या दुपारी तू खाली औषध आणायला गेलास. मी वाचत होतो. अध्याय ऐन रंगात आला असता त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "श्याम, वाचन राहू दे. अनूला बोलाव."

मी बोलावले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. वर्षश्राद्ध होताच तू "आसन दादाचं" म्हणून परदेशी निघून गेलास. लोक म्हणाले, धाकट्याने केवढा त्याग केला. मला तेव्हापासून वाटत आले आहे की तू मला उष्टे ताट देऊन गेलास.

षड्रिपूंवर मी दरवर्षी बोलतो. सहाव्याची वेळ आली की श्रोत्यांना सांगतो, काम-क्रोध बाहेरून येतात, मत्सर घरातच जन्मतो. टाळ्या पडतात.

श्यामसुंदर


नारायण पेठ
मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

अनिरुद्धास.

सप्ताहाचा पाचवा दिवस संपला. बसलो आहे; म्हणजे बसवला गेलो आहे असे म्हणणे अधिक खरे. आता पत्रही उशीवर कागद ठेवून लिहितो आहे.

तू रोज येतोस हे मला पहिल्याच दिवशी दिसले. चपलांच्या कपाटाजवळ, शेवटच्या खांबाला टेकून बसतोस. तुला वाटले असेल, दादाची नजर तिथवर पोहोचत नाही. कमरेत गाठ असली तरी डोळे शाबूत आहेत. मला हेही दिसले की अध्याय संपताच मंडळी माना अगदी सावकाश उजवीकडून डावीकडे नेतात, खांदे वर उचलून हळूहळू खाली आणतात. ही सगळी तुझी माणसे. इंदुबाई तर गजर चालू असतानाही करतात. कल्याणीने डोळे वटारले तेव्हा थांबल्या.

काल मी अर्थ सांगताना मुद्दाम देहाच्या नश्वरतेवर बोललो. हाडांचा सापळा, मांसाचे लिंपण, नऊ दारे, त्याला काय कुरवाळायचे, वगैरे. तुझ्याकडे पाहून बोललो. तू मान डोलावलीस. ती दाद होती की मान मोकळी करणे होते, हे मला कळले नाही आणि त्यामुळे रात्रभर चैन पडले नाही.

कल्याणी म्हणते, मागे बसलेत ते, आत बोलावू का? मी तिला सांगितले की सप्ताहात पहाटेपासून आरतीपर्यंत मी सोवळ्यात असतो, कोणी शिवायचे नाही. ती म्हणाली, आरतीनंतर? मी म्हटले, आरतीनंतर मी थकलेला असतो.

यायचे तर पुढे बस. नाही तर येऊ नकोस. ते खांबामागचे बसणे मला सोसत नाही. आपणा दोघांपैकी बाहेर कोण उभे राहायचे, हे फार पूर्वी ठरलेले आहे.

श्यामसुंदर


नारायण पेठ
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

जयंतीच्या सायंकाळी तू तिथे होतास. पण माझ्या बाजूने काय घडले ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

जन्माचा अध्याय संपत आला तेव्हाच मला कळले होते की उजवी बाजू गेली. नुसते दुखत नव्हते. जणू कमरेपासून बरगडीपर्यंत कोणी लाकूड घातले होते. सूर्य मावळायला आला. बायकांनी पाळण्यावर फुले बांधली होती, गुलालाच्या ताटल्या हातोहात फिरल्या होत्या. प्रथेप्रमाणे वाचणाऱ्याने उजवीकडे वळून पाळण्याची दोरी ओढायची, मग जन्म. अण्णांनी ओढली, मी ओढत आलो. पोथी मिटली आणि मला वळता येईना. श्वासही पुरता घेता येईना.

सभा थांबली. दशरथराव उठून आले आणि मला काखेत धरून उचलायला वाकले. मी म्हटले, "शिवू नका." इतक्या मोठ्याने मी आसनावरून कधी बोललो नव्हतो. ते बिचारे मागे सरले. पण मग त्यांनी एका गृहस्थाला हळूच दोरीकडे जाण्याची खूण केली. मला ती दिसली. मी मनात म्हटले, श्यामसुंदरा, संपले. दोरी दुसऱ्याच्या हाती गेली की आसनही जाईल.

मी खांबाकडे पाहिले. तू तिथे नव्हतास. खरे लिहितो, त्या क्षणीही मला पहिले वाटले ते हेच, की गेला. अण्णांसाठी थांबला असता.

मग अंगणातल्या नळाखाली बादली उपडी झाल्याचा आवाज आला. दुसरी. मार्गशीर्षातली ती थंडी, लोक शाली घेऊन बसलेले, आणि तू सदऱ्या-विजारीसकट निथळत, बायकांच्या ओळीमधून वाट काढत आलास. दशरथराव म्हणाले, "अहो, अहो, सतरंजी." तू त्यांच्याकडे पाहिलेही नाहीस.

"ओलेत्याला सोवळं लागत नाही," तू म्हणालास. "अण्णांचा नियम आहे, दादा. हात लावू?"

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. कल्याणी म्हणते, मी नुसते डोळे मिटले.

तू मागे बसलास. एक हात कमरेवर, दुसरा बरगडीखाली. पाणी बर्फासारखे होते आणि हात ऊन होते. मला वाटले होते, आता म्हणेल, सैल सोड. सगळे तेच म्हणतात. मीही आसनावरून जन्मभर लोकांना तेच सांगत आलो, सोडा, सोडा. तू कानाशी म्हणालास, "दादा, सोडू नकोस. धरलं आहेस ना, ते आणखी थोडं धर. मुद्दाम धर. माझ्या हाताला कळू दे."

मी धरले. प्रथमच मला कळले की तिथे धरणारा कोणी आहे, आणि तो मीच आहे.

"आता कमी कर. एकदम नको. अजून सावकाश. घाई नाही, देव थांबेल."

देव थांबला. लाकूड तुटले नाही, ते हळूहळू माझे अंग झाले. त्या वेळी बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली होती, असे कल्याणी सांगते. मला तो ऐकू आला नाही. मला पाठ असलेला, जन्मभर म्हटलेला पाळणा, हातभर अंतरावर, आणि मला ऐकू आला नाही. माझे सगळे चित्त तुझ्या दोन तळव्यांखाली येऊन बसले होते. तेव्हा मला अण्णांची ती दुपार समजली. त्यांना माझे वाचन नको झाले नव्हते. पावलांवर तुझा हात हवासा वाटू लागला की शब्दांसाठी कान उरत नाही, एवढेच. हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

मग मी वळलो आणि दोरी ओढली. गुलाल उधळला. तुझ्या ओल्या सदऱ्यावर तो बसला आणि तू पुरता लाल झालास. लोक तुझ्याकडे पाहत होते.

आता मत्सर गेला असे लिहिणे शोभून दिसेल, पण ते खरे नाही. प्रसादाच्या रांगेत इंदुबाई म्हणाल्या, "असा जन्म या देवळात कधी झाला नव्हता," आणि मला माहीत आहे त्या कोणाविषयी बोलत होत्या. दशरथराव पुढल्या वर्षी आसन माझेच म्हणून सांगून गेले, आणि जाता जाता तुझा क्रमांक विचारून गेले. मला दोन्ही गोष्टी सारख्याच लागल्या. मात्र एक फरक पडला आहे. मत्सर लागतो तेव्हा कुठे लागतो, ते मला आता कळते. उजव्या बाजूस, बरगडीखाली.

आणि एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. लहानपणी तू अण्णांसाठी ओला होत होतास. परवा तू माझ्यासाठी झालास. घरी आल्यावर मी मुकटा वाळत घातला. त्याच्या कमरेशी तुझ्या हातांचे पाणी अजून होते. कल्याणी म्हणाली, पिळून घाला. मी पिळला नाही.

तुला ताप आल्याचे तिच्याकडून समजले. सुंठ, गवती चहा आणि तुळस यांचा काढा तिच्याबरोबर पाठवत आहे. गूळ मी घातला आहे. डबा तिने काढून दिला.

मंगळवारी मी तिच्यासोबत येईन. आधीची वेळ मला दे, नंतरची तिला. ती सगळ्यांना सांगत बसेल की आधी तिचा खांदा मोकळा झाला. तेवढे तिला असू दे.

तत्पूर्वी रविवारी तू इकडे जेवायला ये. मी पूजा लवकर आटोपून मुकटा उतरवून ठेवीन. तू कोरडाच ये.

तुझा
दादा